इंग्लंडमधील जुन्या गावचर्चचा बांधकाम-इतिहास भिंतींवरून कसा वाचावा

तलावपाळीवर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींपैकी निम्म्यांची मुले परदेशी आहेत आणि दर उन्हाळ्यात त्यांतील दोघे-तिघे तीन महिन्यांसाठी इंग्लंडला जातात. परतल्यावर लंडनचे वर्णन मनसोक्त होते. पण लेक-जावई कामावर गेल्यानंतरच्या लांबलचक दुपारी कशा काढल्या असे विचारले, की बहुतेक जण विषय बदलतात. वास्तविक लेक ज्या लहान गावात राहते तिथे दुकान एखादेच असले, तरी सात-आठशे वर्षांपूर्वीचे दगडी चर्च बहुधा असतेच, आणि ते पुष्कळदा दिवसभर उघडे असते. माझी उमेदीची तेहतीस वर्षे ठाण्यात इमारतींच्या दुरुस्तीचे आराखडे काढण्यात गेल्यामुळे मला अशा चर्चच्या भिंतींचे वेड लागले. आमच्यातील तिघांनी या वर्षी निघण्यापूर्वी रीत लिहून मागितली, म्हणून ती सविस्तर मांडत आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ठरवून घ्यावी. ‘हे चर्च कधी बांधले?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला उत्तर नसते. अंबरनाथचे शिवमंदिर पाहताना काम सोपे असते. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष आणि शिलाहार राजाचे नाव आहे, आणि शिखराचा वरचा भाग ढासळलेला असला तरी मंदिर एकाच कल्पनेतून उभे राहिल्याचे पाहताक्षणी जाणवते. (तो आकडा पूर्वी ७८२ असा वाचला गेला होता, एका अंकाने मंदिर दोनशे वर्षे मागे गेले होते, हे दगड वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.) त्याच सुमारास उत्तर यॉर्कशायरमधील किर्कडेल येथे चर्चच्या दक्षिण दारावरील दगडी छायाघटिकेवर एक लेख कोरला गेला. गामलचा मुलगा ऑर्म याने संत ग्रेगरीचे चर्च पूर्ण मोडून पडलेले असताना विकत घेतले आणि पायापासून नवे बांधवले, असे तो सांगतो. त्यात राजा एडवर्ड आणि सरदार टॉस्टिग यांचा उल्लेख असल्यामुळे त्याचा काळ १०५५ ते १०६५ यांच्या दरम्यान येतो. म्हणजे असा लेख जिथे दुर्मिळपणे सापडतो, तिथेही तो जीर्णोद्धाराचाच निघतो. बाकीच्या गावचर्चांत स्थापनेचा लेख जवळजवळ कुठेच नसतो. एका पिढीने भिंत घातली, दुसरीने ती फोडून कमानी काढल्या, तिसरीने मनोरा चढवला, चौथीने छप्पर उचलले. त्यामुळे विचारायचे ते असे, की यातले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते? म्हणूनच माझ्या रीतीचा एकमेव नियम ‘सांधा आधी, शैली नंतर’ असा आहे. खिडकीच्या आकारावरून शतक सांगण्याचा मोह प्रत्येकाला होतो, परंतु कोणता दगड कशावर बसला आहे आणि कोणी कोणाला कापले आहे, हे ठरल्याशिवाय त्या शतकाला काही अर्थ नसतो.

सराव ठाण्यातच करावा

विमानात बसण्यापूर्वी डोळ्यांना सवय लावणे शक्य आहे, आणि त्यासाठी कोणत्याही जुन्या सोसायटीसमोर पंधरा मिनिटे उभे राहणे पुरेसे आहे. गॅलरी बंद करून खोलीत घेतली असेल, तर जुन्या आणि नव्या बांधकामाच्या मधोमध गिलाव्यात सरळ उभी चीर दिसते. कितीही रंग लावला तरी दोन पावसाळ्यांत ती पुन्हा उमटते. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या म्हणून कोणी ती इमारत नवी म्हणत नाही. चर्चच्या बाबतीत मात्र हीच चूक शिकलेले लोकही करतात. खिडकी हा इमारतीचा सर्वांत सहज बदलला जाणारा भाग आहे, त्यामुळे खिडकीचे वय हे भिंतीचे वय नव्हे. ती भिंत त्या खिडकीहून जुनी असण्याचीच शक्यता अधिक असते.

दुसरा सराव कौपिनेश्वर मंदिरात करावा. हे मंदिर १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधवले आणि १८७९ साली लोकवर्गणीतून त्याची दुरुस्ती व वाढ झाली. एकाच देवळातला एक भाग सत्ताधाऱ्याच्या पैशातून आणि दुसरा गावाच्या वर्गणीतून उभा राहतो, ही गोष्ट आपल्याला परकी नाही, आणि इंग्लंडमधील गावचर्चची किल्ली नेमकी हीच आहे. तिथे मध्ययुगात वेदी असलेल्या पूर्वेकडील भागाची देखभाल गावाचा धार्मिक दशमांश कर घेणाऱ्या रेक्टरकडे असे, तर लोक उभे राहत त्या पश्चिमेकडील मोठ्या दालनाचा खर्च गावकऱ्यांवर असे. रेक्टरची जागा पुष्कळ ठिकाणी दूरच्या एखाद्या मठाने घेतलेली असे, आणि तो मठ कर नेमाने घेत असला तरी खर्चाला हात आखडता घेई. त्यामुळे पूर्वेचा भाग ठेंगणा, जुनाट आणि पश्चिमेचे दालन उंच, उजेडाने भरलेले असे दृश्य दिसले, तर ते सौंदर्यदृष्टीच्या अभावाचे लक्षण समजू नये. तो हिशेबाच्या दोन वेगळ्या वह्यांचा परिणाम असण्याची शक्यता मोठी आहे.

ज्यांना दगडी कमानी आणि उभट खिडक्या प्रत्यक्ष पाहायच्या असतील, त्यांनी लोकलने मुंबई गाठून कुलाब्याचे अफगाण चर्च पाहावे. हेन्री कॉनिबेअर याने आराखडा केलेले आणि १८५८ साली समर्पित झालेले हे चर्च तेराव्या शतकातील इंग्रज गावचर्चचा जाणीवपूर्वक केलेला नमुना आहे. मात्र ते शब्द शिकण्यासाठी उपयोगी असले, तरी इतिहास वाचण्याच्या सरावासाठी नाही, कारण त्यात शतकानुशतकांची ठिगळे नाहीत.

जागांची नावे

चर्च साधारणपणे पूर्व-पश्चिम असते. पूर्वेच्या टोकाला वेदी असलेला भाग म्हणजे चान्सेल. मी त्याला वेदीगृह म्हणतो. त्याला लागून पश्चिमेकडे नेव्ह, म्हणजे मुख्य दालन, जे आपल्या सभामंडपाच्या जागी येते. दालनाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला उतरत्या छपराचे जे भाग जोडलेले असतात, त्यांना आइल म्हणतात. त्यांचे काम पाहिले तर ‘पडवी’ याहून चांगला शब्द नाही. दालन आणि पडवी यांच्यामध्ये खांब-कमानींची रांग असते. बहुतेक ठिकाणी मनोरा पश्चिम टोकाला आणि देवडी दक्षिण बाजूला असते.

सोबत टॉर्च, लहान दुर्बीण, मोजपट्टी आणि चौकटींची वही घ्यावी. पहिल्या दिवशी पावलांनी मोजून चर्चचा कच्चा नकाशा काढावा, त्याच्या चार-पाच प्रती करून घ्याव्यात आणि पहिल्या प्रतीवर फक्त सांधे खुणवावेत, खिडक्या मुळीच काढू नयेत. आत प्रार्थना किंवा अंत्यविधी चालू असेल तर परत फिरावे. दानपेटीत काहीतरी टाकावे, कारण त्या छपराची गळती आजही गावालाच काढावी लागते.

बाहेरून प्रदक्षिणा

देवडीपासून निघून इमारत उजव्या हाताला ठेवून चालू लागले, की आधी मनोरा, मग उत्तरेची भिंत आणि शेवटी पूर्वेचे टोक येते. आपल्याला अंगवळणी पडलेली ही प्रदक्षिणा इथेही फार उपयोगी पडते. तिच्यात सर्वाधिक वेळ उत्तर बाजूला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. गावचा रस्ता, देवडी आणि ऊन ही बहुधा दक्षिणेला असल्यामुळे पैसा आणि हौस दक्षिणेवर खर्च होई. सावलीतली, शेवाळलेली उत्तरेची भिंत तशीच राही. जुन्या भिंतीचा तुकडा, बुजवलेले दार, अरुंद खिडकीची उरलेली कमान हे सारे तिथेच सापडते.

भिंतीकडे पाहताना प्रथम जोते पाहावे. जोत्याच्या दगडाला घडीव कड असते, आणि ती कड ज्या ठिकाणी अचानक थांबते किंवा तिची उंची बदलते, तिथे दोन वेगळ्या काळांची बांधकामे भेटत असतात. त्यानंतर थर पाहावेत. दगडांचे आडवे थर एका उभ्या रेषेपाशी तुटत असतील आणि दोन्हीकडचे दगड एकमेकांत गुंतलेले नसतील, तर तो उभा सांधा होय. या भिंती बहुतेक डबराच्या आणि चुन्याच्या असतात, फक्त कोपऱ्यांना मोठे घडीव दगड असतात. त्यामुळे भिंतीच्या मधोमध असे मोठे दगड एकावर एक रचलेले दिसले, तर तो पूर्वीच्या इमारतीचा कोपरा आहे आणि त्याच्या पलीकडचा भाग नंतर जोडला आहे, असे समजावे. हे एक लक्षण ओळखता आले, तरी निम्मे काम झाले. भिंतीत ठरावीक अंतराने बुजवलेले चौकोनी खळगे दिसतात, ते परांचीच्या आडव्या लाकडांचे. त्यांच्या ओळी जिथे जुळत नाहीत, तिथेही काम वेगवेगळ्या वेळी झालेले असते.

दगड कोणत्या जातीचा आहे, याचीही नोंद करावी. आपला काळा पाषाण घडवायला कठीण. इंग्लंडच्या डॉर्सेटपासून लिंकनशायरपर्यंत तिरक्या गेलेल्या पट्ट्यातील चुनखडी मात्र टाकीला सहज वश होते, म्हणून तिथल्या चर्चवर कोरीव काम भरपूर आढळते. नॉरफोक आणि सफोकमध्ये गारगोटीखेरीज फारसे काही मिळत नाही. गारगोटीला कोपरा करता येत नाही, म्हणून त्या भागातील पुष्कळ जुने मनोरे गोल आहेत, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. वेगळ्या जातीचा दगड एखाद्याच भागात दिसला, तर तो भाग वेगळ्या खेपेचा असण्याचा संभव असतो. पण दगड पुन्हा वापरलाही जातो. डरहॅम परगण्यातील एस्कम येथील सातव्या शतकातील चर्चमध्ये जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड आहेत.

देवडीत शिरल्यावर घाई करू नये. आतील दार बहुधा देवडीपेक्षा जुने असते, आणि पुष्कळदा ते त्या भिंतीपेक्षाही जुने असते, कारण दक्षिणेला पडवी वाढवताना आजोबा-पणजोबांच्या काळातील नक्षीदार दार मोडण्याचे जिवावर येई आणि ते दगड दगड सुटा करून नव्या भिंतीत पुन्हा बसवले जाई. दाराशेजारच्या दगडावर हाताने ओरखडलेले अर्धवर्तुळ आणि त्याच्या मधोमध काठीसाठी भोक आढळते का, तेही पाहावे. प्रार्थनेची वेळ कळण्यासाठी केलेली ती उन्हाची घटिका असते. ती जर देवडीच्या आत, जिथे ऊन कधीच येत नाही अशा ठिकाणी असेल, तर देवडी नंतरची, हे सिद्ध करायला दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही. उलटी बसलेली असेल, तर तो दगड दुसरीकडून आला आहे.

आत गेल्यावर

आत शिरताच वेदीकडे न जाता पश्चिमेकडे तोंड करून मनोऱ्याची भिंत पाहावी. त्या भिंतीवर पुष्कळदा उलट्या ‘व्ही’ आकाराची कोर दिसते. ती पूर्वीच्या छपराची खूण असते. पूर्वीची छपरे गवताची, फळ्यांची किंवा कौलांची असत, म्हणून त्यांना तीव्र उतार लागे. पुढे शिशाचे पत्रे आले. शिसे तीव्र उतारावर स्वतःच्या वजनाने खाली सरकते, म्हणून छप्पर जवळजवळ सपाट झाले. त्यातच पडव्या जोडल्यामुळे दालन अंधारे झाले होते, तेव्हा पंधराव्या शतकात अनेक गावांनी दालनाच्या भिंती वर उचलून तिथे झरोक्यांची रांग काढली. जुन्या छपराची खूण या झरोक्यांच्या खाली राहते आणि आपल्याला तीन गोष्टींचा क्रम आपोआप मिळतो: छपराची खूण ज्या भिंतीवर आहे तो मनोरा आधीचा, झरोके नंतरचे, आजचे छप्पर सर्वांत शेवटचे किंवा झरोक्यांच्याच वेळचे.

इथे एक उदाहरण सविस्तर सांगतो. माझी मुलगी लेस्टरशायरमधील ज्या गावात राहते, तिथल्या चर्चमध्ये उत्तरेच्या रांगेचे खांब गोल आणि कमानी अर्धवर्तुळाकार आहेत, तर दक्षिणेचे खांब अष्टकोनी आणि कमानी टोकदार आहेत. एवढ्यावर बहुतेक लोक थांबतात आणि ‘उत्तर आधी, दक्षिण नंतर’ असे सांगून मोकळे होतात. निष्कर्ष बरोबर आहे, पण त्यात सांधा एकही वाचलेला नाही. मी दुर्बिणीने उत्तरेच्या कमानींच्या वरची भिंत पाहिली, तेव्हा दोन कमानींच्या मध्ये, थोडी वर, एका लहान खिडकीची अर्धीच कमान दिसली. तिची दुसरी बाजू खालच्या मोठ्या कमानीने कापली होती. याचा अर्थ ती भिंत खांबांच्या आधीपासून उभी होती, ती एकेकाळी बाहेरची भिंत होती आणि तिला भोके पाडून एकेक करून कमानी घातल्या गेल्या. म्हणजे त्या चर्चमधील सर्वांत जुनी वस्तू ही गोल खांबांच्या डोक्यावरील पांढरी, कंटाळवाणी भिंत होती, जिच्याकडे कोणी मान वर करून पाहतही नाही.

दक्षिण पडवीच्या पश्चिम टोकाला तर मला दोन दिवस लागले. तिथे मनोऱ्याच्या कोपऱ्याला आधार देणारा दगडी धिरा पडवीच्या आत आलेला होता. घराच्या आत बाहेरचा धिरा कशाला, हा पहिला प्रश्न. आणि टॉर्च तिरका धरून पाहिल्यावर त्याच्या कडा पावसाने झिजून गोल झालेल्या दिसल्या, ही दुसरी गोष्ट. छपराखालचा दगड पावसाने झिजत नाही. म्हणजे मनोरा बांधल्यावर तो धिरा बरीच वर्षे उघड्यावर होता आणि पडवी नंतर पश्चिमेकडे वाढवून मनोऱ्याला चिकटवली गेली. टॉर्च भिंतीला समांतर धरण्याची ही युक्ती कधीही विसरू नये. समोरून टाकलेला उजेड सगळे सपाट करून टाकतो, तिरका उजेड टाकीचे घाव आणि झीज दोन्ही दाखवतो.

याशिवाय भिंतींतील कोनाडे तपासावेत. दक्षिण भिंतीत लहानसा कोनाडा आणि त्याच्या तळाशी पाणी जाण्याचे भोक असेल, तर पूर्वी त्याच्या शेजारी वेदी होती, मग आज तिथे खुर्च्यांचा ढीग का असेना. पडवीच्या पूर्व टोकाला असा कोनाडा मिळाला, तर तिथे स्वतंत्र वेदी होती. तिच्यापुढे एखाद्या कुटुंबाच्या किंवा मंडळाच्या वतीने मृतांसाठी प्रार्थना होत असाव्यात. तो कोनाडा गुडघ्याच्या उंचीवर आला असेल, तर कोनाडा खाली बसवलेला नसून जमीन वर आलेली असते. दालन आणि वेदीगृह यांमधील कमानीच्या बाजूला भिंतीतच एक अरुंद जिना किंवा वर हवेत उघडणारे दार दिसले, तर तो कमानीपुढे उभारलेल्या मोठ्या क्रुसाच्या माचीवर जाण्याचा मार्ग होता. ती माची लाकडी असे. १५६१ साली एलिझाबेथ राणीच्या आज्ञेने अशा माच्या उतरवल्या गेल्या आणि दगडी जिने तेवढे मागे राहिले.

आता शैली

क्रम लागल्यानंतरच शतकांची नावे लावावीत. त्यांतील अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही तीन नावे वास्तुविशारद टॉमस रिकमन याने १८१७ साली रूढ केली, आणि ती आजही चालतात. नॉर्मन लोक १०६६ साली येण्यापूर्वीचे काम सॅक्सन. त्याची ओळख म्हणजे कोपऱ्यात एक उभा आणि एक आडवा असे आळीपाळीने बसवलेले लांब दगड, त्रिकोणी माथ्याच्या खिडक्या आणि उंच पण तुलनेने पातळ भिंती. नॉर्थॅम्प्टनशायरमधील अर्ल्स बार्टनचा दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मनोरा पाहिला की हे सारे एकत्र दिसते. त्यानंतरचे नॉर्मन काम म्हणजे जाड भिंती, अर्धवर्तुळाकार कमानी आणि त्यांवर नागमोडी कंगोरे. हेरफर्डशायरमधील किलपेकचे चर्च ११४० च्या सुमाराचे आहे आणि त्याच्या छपराखालील दगडी मुखवटे पाहताना अंबरनाथच्या बाह्यभिंतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

साधारण ११९० पासून अर्ली इंग्लिश, म्हणजे भाल्याच्या टोकासारख्या अरुंद, उभट खिडक्या. १२५० ते १३५० हा डेकोरेटेड शैलीचा काळ. खिडकी रुंद होते आणि तिच्या माथ्यावर दगडाची जाळी ज्वालेसारखी वळू लागते, जिचा उत्तम नमुना लिंकनशायरमधील हेकिंग्टन येथे आहे. १३५० पासून सोळाव्या शतकापर्यंतच्या पर्पेंडिक्युलर शैलीत मात्र खिडकीच्या उभ्या दांड्या वळण न घेता थेट माथ्यापर्यंत जातात. लोकरीच्या व्यापारातून आलेल्या पैशाने सफोकमधील लाँग मेलफर्डसारखी चर्चे याच काळात पुन्हा उभी राहिली, आणि तिथे देणगीदारांची नावे बाहेरच्या भिंतीवर गारगोटी आणि दगडाच्या अक्षरांत लिहिलेली आहेत. आपल्याकडील फरशीवरच्या नावांची सवय असलेल्याला त्यात नवल वाटणार नाही.

१३४८-४९ च्या प्लेगने कारागीर आणि देणगीदार दोघेही नेले, त्यामुळे काही चर्चमध्ये काम मध्येच थांबलेले दिसते. तरी प्रत्येक अर्धवट खांबाचा दोष प्लेगवर ढकलण्याची जी सवय स्थानिक पुस्तिकांना असते, ती आपण लावून घेऊ नये. वर्गणी कमी पडणे हे कारण त्या काळीही होतेच.

दोन मोठे फसवे थर

पहिला थर चुन्याचा. धर्मसुधारणेच्या काळात, विशेषतः १५४७ नंतर, भिंतींवरील चित्रांवर पांढरा हात फिरवला गेला. सफोकमधील वेनहॅस्टन येथे १८९२ साली दुरुस्तीच्या वेळी वेदीगृहाच्या कमानीतील पांढऱ्या फळ्या काढून आवारात टाकल्या होत्या. रात्री पाऊस पडला, चुना धुऊन निघाला आणि अंतिम न्यायाचे मध्ययुगीन चित्र बाहेर आले. त्यामुळे आतल्या पांढऱ्या भिंतीला नखही लावू नये.

दुसरा थर एकोणिसाव्या शतकातील जीर्णोद्धाराचा, आणि तो अधिक फसवा आहे, कारण त्या काळातील वास्तुविशारदांना मध्ययुग फार चांगले येत होते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याने इंग्लंडमध्ये शेकडो चर्चची डागडुजी केली. हाच तो स्कॉट, ज्याने मुंबईत पाऊलही न ठेवता आपल्या विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा केला आणि जो १८७८ साली पूर्ण झाला. राजाबाई टॉवर पाहून ज्याला मध्ययुगाचा भास होतो, त्याला इंग्लंडच्या खेड्यात तो होणारच. या लोकांनी आतील गिलावा खरवडून दगड उघडे केले, जमिनी रंगीत फरश्यांनी उचलल्या आणि झिजलेले कोरीव दगड काढून तंतोतंत नवे बसवले. त्या खरवडण्याला विटूनच विल्यम मॉरिस याने १८७७ साली प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली.

हा थर ओळखण्यासाठी कडा पाहाव्यात. सगळ्या कडा सारख्याच धारदार, दगडाचा रंग एकसारखा आणि सांधे अतिशय पातळ असतील, तर सावध व्हावे. नॉर्मन घडीव दगडावर कुऱ्हाडीचे तिरके, ओबडधोबड घाव असतात. दातेरी छिन्नी साधारण १२०० च्या सुमारास आली. मी स्वतः वेदीगृहाचे एक लहानसे, अर्धवर्तुळाकार दार पाहून ते बाराव्या शतकातील असल्याचे नकाशावर काळ्या शाईने नोंदवले होते.

कागद

भिंती वाचून झाल्यावरच कागदांकडे वळावे. आधी वळले तर डोळ्यांना तेच दिसते जे कागदाने सांगितले. राजा विल्यमने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या, १०८६ सालच्या डोम्सडे नोंदीत गावात पाद्री किंवा चर्च असल्याचा उल्लेख मिळाला, तर त्या जागी काहीतरी उभे होते एवढेच कळते. तो उल्लेख नसणे हा चर्च नसल्याचा पुरावा मात्र नव्हे. १२९१ च्या कर-आकारणीवरून त्या चर्चचे उत्पन्न कळते. पंधराव्या शतकातील मृत्युपत्रे फार उपयोगी, कारण ‘मनोऱ्याच्या कामासाठी इतके’ अशी देणगी त्यांत असते आणि तिच्यावर तारीख असते. १८१८ साली स्थापन झालेल्या चर्च-बांधणी मदत संस्थेचे जुने नकाशे लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्याच्या ग्रंथालयात आहेत. अनुदान मागताना आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नकाशे जोडले जात, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील फेरफार त्यांत सरळ दिसतात. संरक्षित इमारतींची अधिकृत यादी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते.

मुकादमाशी केलेला करार वाचण्याचा आनंद ज्याला घ्यायचा असेल, त्याने सफोकमधील वॉल्बर्सविकचा १४२६ सालचा करार पाहावा. भिंती टन्स्टलच्या मनोऱ्यासारख्या हव्यात आणि पश्चिमेचे दार व खिडक्या हेल्सवर्थच्या तोडीच्या हव्यात, असे गावाने दोन गवंड्यांना सांगितले. मजुरी दर वाराच्या उंचीला ४० शिलिंग, शिवाय दर वर्षी पिंपभर हेरिंग मासे आणि प्रत्येकी एक झगा. शेजारच्या गावासारखे हवे, हा आग्रह कोणत्याही ठाणेकराला ओळखीचा वाटेल. पण वाचनासाठी महत्त्वाचे कलम वेगळेच आहे: पहिले वर्ष वगळता काम २५ मार्च ते २९ सप्टेंबर एवढ्याच काळात करायचे. आपण पावसाळ्यात काम थांबवतो; तिथे थंडीत, कारण ओला चुना गोठला तर फुटतो. म्हणून गारगोटीच्या मनोऱ्यांवर ठरावीक उंचीवर आडव्या रेषा दिसतात आणि कधी कधी एकेका हंगामात किती उंची गाठली ते त्यांवरून मोजता येते.

शेवटी रंगीत नकाशा करावा: सर्वांत जुने काळे, मग प्रत्येक टप्प्याला वेगळा रंग, आणि ज्याचा पुरावा फक्त शैली आहे, सांधा नाही, ते नुसत्या तुटक रेषांत. त्याची एक प्रत चर्चच्या व्यवस्थापक वॉर्डनला द्यावी. मी दिली, तेव्हा त्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा लावून ती बराच वेळ पाहिली, उत्तर भिंतीतील कापलेल्या खिडकीबद्दल माझ्याकडून दोनदा समजावून घेतले, आणि मग वेदीगृहाच्या त्या काळ्या दारावर बोट ठेवून कपाटातून १८६० च्या दशकातील एक खर्चाचे बिल काढून दाखवले, ज्यात त्या दाराचा दगड, मजुरी आणि बिजागऱ्या वेगवेगळ्या लिहिल्या होत्या.